पुष्पाताईंची बोहनी

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पुष्पाताईंचं मॅचिंग सेंटर आहे. साडी घेऊन जायचं आणि तिला जुळणारं ब्लाउजचं कापड घेऊन यायचं, असं ते सरळ साधं दुकान. फक्त काउंटरवर एक पाटी आहे : 'दिवे लागल्यावर मॅचिंग दाखवले जाणार नाही.' पंचवटीत नव्याने राहायला आलेल्या बायका ही पाटी वाचून हसतात. मग एखाद्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीच्या बारशाची घाई असताना, पिशवीतून साडी काढतात आणि त्यांना कळतं की पाटी खरी आहे.

मला ते कळलं बायकोच्या भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, हातात साडी देऊन मला खाली पिटाळलं होतं.

"ताई, एवढं मॅचिंग द्या."

ताईंनी साडीकडे बघितलंच नाही. त्यांनी बाहेर रस्त्यावर बघितलं. खांबावरचा दिवा नुकताच लागला होता.

"उद्या सकाळी या, भाऊजी."

"उद्या सकाळी साखरपुडा आहे हो."

"मग घरातला कुठलाही घालायला सांगा."

"अहो पण दुकान तर उघडं आहे!"

"आहे ना. फॉल हवाय का? फॉल देते. परकर देते. नाडी देते. मॅचिंग नाही."

मी नाडी घेऊन घरी आलो. त्यावर सुनंदा जे बोलली ते इथे सांगण्यात काही अर्थ नाही.

दिवसा मात्र ताईंचं काम बघत राहावं असं असतं. गिऱ्हाईक आलं की त्या साडीचा पदर दोन बोटांत धरतात, डोळे बारीक करतात, आणि मागच्या, कापडाच्या ताक्यांच्या भिंतीतून एकच ताका ओढून काढतात. मग त्या बाईला हाताला धरून रस्त्यावर नेतात. रिक्षा हॉर्न वाजवतात, भाजीवाला गाडी थांबवतो, आणि ताई भर उन्हात साडीवर कापड ठेवून म्हणतात, "आता बघा. ट्यूबलाइट खोटं बोलते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला आपलं कापड पास झालं असं वाटत नाही.

रंगांची नावं त्यांच्याकडून शिकावीत. मला लाल, हिरवा आणि निळा एवढेच रंग माहीत होते. ताईंच्या जगात आमसुली असतो, डाळिंबी असतो, चिंतामणी असतो, श्रीखंडी असतो, रामा ग्रीन असतो. त्या माणसंही रंगावरून ओळखतात. एकदा सुनंदाला म्हणाल्या, "अगं, ते तुझ्याकडे आले होते ना, गेंदा शर्टवाले, त्यांचा फोन इथे राहिलाय." माझ्या अंगकांतीला त्यांनी 'मोतिया, पण जरा धूळ बसलेला' असं म्हटल्याचं मला बऱ्याच उशिराने समजलं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मी विमा एजंट आहे. 'आग लागली तर?', 'पाणी शिरलं तर?', 'पाय घसरला तर?' असे प्रश्न चांगल्या घरातल्या लोकांना चहाच्या वेळी विचारणं, हा माझा धंदा. आणि पुष्पाताई माझ्या सगळ्यात लाडक्या ग्राहक होत्या, कारण मी विचारायच्या आतच हे प्रश्न त्यांना पडलेले असायचे. दुकानाचा विमा त्यांनी घेतला, गोदावरीच्या पुराचा घेतला, तब्येतीचा घेतला. एकदा काचेच्या काउंटरचा वेगळा विमा मिळतो का, अशी चौकशी केली. असं गिऱ्हाईक देवाने प्रत्येक एजंटला एकेक द्यावं.

'बिघडलं तर?' हा त्यांच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न होता. मुलाने बंगळुरूहून पाठवलेला मिक्सर खोक्यातच होता. वापरला आणि बिघडला तर? मोबाइलवर कुणी पैसे पाठवले की त्या मला वरून हाक मारून बोलवायच्या आणि 'आले' असं माझ्या तोंडून ऐकायच्या. पुरणपोळी त्यांनी करायचीच सोडली होती, कारण एका पाडव्याला एक पोळी फुटली होती. त्यांचे मिस्टर अंबडला कंपनीत होते. ते होते तोवर 'करून तर बघ' असं म्हणणारं घरात कुणीतरी होतं. ते गेल्यावर ताईंनी काहीही करून बघणं बंद केलं. सकाळी दुकान, संध्याकाळी दुकान, मधे वरणभात.

पण ती पाटी मिस्टरांच्या जाण्याने लागलेली नाही. तिची गोष्ट सुनंदाने मला सांगितली, आणि सुनंदाला ती ताईंनीच एका दुपारी फॉल लावता लावता सांगितली होती.

ताईंचं माहेर वणीजवळचं. धाकटी बहीण शकू वणीलाच दिलेली. तिचं देवीच्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नारळ-ओटीचं दुकान आहे. शकूच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा शकू स्वतःसाठी वांगी रंगाची साडी घेऊन मॅचिंगला बहिणीकडे आली. यायला उशीर झाला होता, दिवे लागले होते, आणि तिला वणीची शेवटची एसटी गाठायची होती. ताईंनी घाईघाईत ट्यूबलाइटखालीच ताका काढला, कापड फाडलं, पिशवीत घातलं. उन्हात नेऊन बघायला ऊनच नव्हतं.

लग्न होतं भर दुपारी, मोकळ्या मैदानातल्या मांडवात. शकू वधूमाय म्हणून मिरवायला उभी राहिली आणि साडी वांगी, ब्लाउज तपकिरी. नवऱ्या मुलाची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "विहीणबाई, ब्लाउज शेजारणीचा घातला का?" बायका हसल्या. शकूचा चेहरा उतरला, आणि ती चारचौघांत वळून बहिणीला म्हणाली, "परक्या बायांना उन्हात नेऊन दाखवती, अन् सख्ख्या बहिणीला ट्यूबलाइटीत?"

ताई तशाच उठल्या. पर्स उचलली, मांडवाच्या मागच्या बाजूने बाहेर पडल्या आणि थेट एसटी स्टँडवर गेल्या. मंगलाष्टकं अजून सुरू व्हायची होती. जी भाची अर्धीअधिक त्यांच्या मांडीवर वाढली, तिच्या डोक्यावर त्यांनी अक्षता टाकल्या नाहीत. ब्लाउजचं शकू चार दिवसांत विसरली असती. मावशी अक्षतांना थांबली नाही, हे ती विसरली नाही. दोघींचं बोलणं बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात ती पाटी लागली. वणी काही लांब नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. पण ताई गेल्या नाहीत. "गेले आणि तिने दारातून परत पाठवलं तर?" असं त्या सुनंदाला म्हणाल्या होत्या.

हे असंच चालायचं, पण मधे सोनवणे सर आले. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. रोज सकाळी गोदाघाटावर पायरीवर बसून जलरंगात चित्रं काढतात आणि कुणी मागे उभं राहिलं की खेकसतात. बायकोच्या साडीचं मॅचिंग घ्यायला ते दुकानात आले. ताईंनी ताका काढला, त्यांना उन्हात नेलं, आणि सहज म्हणाल्या, "हा घ्या. सकाळी नदीच्या पलीकडच्या अंगाला पाणी असतं ना, तसाच आहे, फक्त एक थेंब राखाडी जास्त." सर कापडाकडे बघायचं सोडून ताईंकडे बघत राहिले.

"तुम्ही चित्रं काढता?"

"छे हो! बिघडलं तर?"

"बिघडलं तर काय होईल?"

इतकी वर्षं ताई हा प्रश्न विचारत होत्या, पण त्याच्या पुढे कुणी कधी गेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी एक पॅड, एक ब्रश आणि जुनी रंगपेटी दुकानात आणून ठेवली आणि 'उद्या सकाळी घाटावर' असं म्हणून निघून गेले. उन्हाळ्यात नळाला पाणी येण्याआधी घराबाहेर पडणं म्हणजे ताईंच्या दृष्टीने मोठंच धाडस होतं. पण त्या गेल्या. बहुधा सरांना नाही म्हणायची त्यांना भीती वाटली असावी.

आणि गेल्या त्या मॅचिंगचे तुकडे घेऊन! सगळ्या रंगांच्या कापडाचे नमुने एका दोरीत ओवलेले असतात, तो अख्खा जुडगा त्यांनी घाटावर नेला. रामकुंडाच्या पुढच्या पायऱ्यांवर बसून त्या एकेक तुकडा नदीसमोर धरायच्या, डोळे बारीक करायच्या, नाही म्हणून मान हलवायच्या. एकदाचा तुकडा जुळला, तेवढ्यात ढग आला. पाणी दुसऱ्याच रंगाचं झालं. परत शोधाशोध. परत जुळलं, तर एका माणसाने बुडी मारली. शेवटी ताई वैतागून सरांना म्हणाल्या, "सर, या नदीचा रंग पक्का नाही."

सरांनी आयुष्यभर शाळेत मुलांची चित्रं तपासली, पण असा शेरा त्यांनी ऐकला नव्हता. ते इतके हसले की शेजारी दशक्रिया करणाऱ्या गुरुजींनी रागाने वळून बघितलं.

तरी ताईंचा कागद कोराच. त्या रोज जायच्या, तुकडे धरायच्या आणि कोरा कागद घेऊन परत यायच्या. 'आज नीट जुळलं नाही' म्हणायच्या. एका सकाळी सरांचा धीर सुटला. त्यांनी हात नदीत बुडवला, रंगपेटीत फिरवला, आणि ताईंच्या स्वच्छ, कोऱ्या, महागड्या कागदाच्या मधोमध पंजा उमटवला.

"झालं," सर म्हणाले. "बिघडला. आता यापेक्षा जास्त काय बिघडवणार तुम्ही? काढा."

ताईंना म्हणे आधी रडू आलं. मग राग आला. रागारागात त्यांनी पंजाच्या वरून पूल काढला, पाणी काढलं, कपडे धुणारी बाई काढली. सगळं वाकडं. तो कागद घेऊन त्या दुकानात आल्या, तेव्हा मी तिथे होतो, एका नव्या पॉलिसीची माहिती द्यायला.

"भाऊजी, बघा काय घाण झालीय," त्या म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा असा दिसत होता की मी पॉलिसीचा कागद पिशवीत परत ठेवला.

त्यानंतर ताईंनी जी पद्धत सुरू केली ती शंभर टक्के त्यांची स्वतःची. सरांनी ती शिकवलेली नाही. सरांना ती अजूनही पटत नाही. दुकानदार माणूस सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला सहसा परत पाठवत नाही, कारण बोहनी झाली पाहिजे. एकदा बोहनी झाली की दिवस मोकळा. ताईंनी ठरवलं की रोज सकाळी चुकीची बोहनी करून टाकायची. दुकान उघडायच्या आधी घाटावर जायचं, एक कागद बिघडवायचा, आणि मोकळ्या मनाने शटर वर करायचं.

"कळलं का भाऊजी," त्यांनी मला समजावलं, "दिवसात एक चूक तर व्हायचीच असते. मग ती आपणच आधी उरकून घ्यायची. मनाला टांगती तलवार नको."

"आणि चित्र चांगलं झालं तर?"

"तर मग दुसरा कागद घ्यायचा."

एकदा खरंच तसं झालं. सोनवणे सर धावत दुकानात आले. ताईंनी सकाळी काढलेलं दुतोंड्या मारुतीचं चित्र चांगलं होतं. (दुतोंड्या मारुती म्हणजे घाटावरची ती उंच मूर्ती. पूर किती आलाय हे नाशिककर तिच्यावरून मोजतात. कमरेला, छातीला, डोक्यावरून.) सर म्हणत होते, हे फ्रेम करा. ताई म्हणत होत्या, "फ्रेम करा काय! याच्यामुळे माझी बोहनी राहिली ना! दुसरं काढायला थांबले आणि दुकान उघडायला उशीर झाला."

बिघडलेली चित्रं त्या लपवत नाहीत. दुकानात साड्या टांगायची एक तार आहे, तिच्यावर क्लिपा लावून चित्रं टांगतात. गिऱ्हाइकं ताका निघेपर्यंत चित्रं बघतात आणि मनमोकळं बोलतात. मॅचिंगच्या दुकानात बायका कलेविषयी जितकं खरं बोलतात तितकं कुठल्याही प्रदर्शनात कुणी बोलत नसेल.

"ताई, ही पाण्याची टाकी का?"

"मारुती आहे."

"अगंबाई! आणि ही म्हैस?"

"तो पूल आहे."

"पण म्हैस छान जमलीय हो."

पूर्वीच्या ताई असत्या तर त्यांनी त्या दिवशी दुकान बंद केलं असतं. आता त्या ताक्यावरची धूळ झटकत म्हणतात, "हो ना, मलाही आधी म्हैसच वाटली." मी हे स्वतः ऐकलंय. ऐकलं तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला, आणि थोडी धंद्याची काळजीही वाटली.

काळजी खरी ठरली. मिक्सर खोक्यातून बाहेर आला आणि पहिल्याच दिवशी त्यातल्या चटणीच्या भांड्याचं झाकण उडून छतावर शिंतोडे उडाले. ताई ते शिंतोडे पाहुण्यांना दाखवतात. पुरणपोळ्या परत सुरू झाल्या. दोन फुटल्या तर त्या आमच्याकडे येतात, आणि फुटलेल्या पोळीत तूप जास्त मुरतं हे मी शपथेवर सांगतो. दुकानात त्या बायकांना 'कॉन्ट्रास्ट घ्या' म्हणायला लागल्या. तीस वर्षं जुळवण्यात घालवलेली बाई चिंतामणी साडीवर राणी रंगाचं कापड टाकून, "घाला तर खरं, नाही आवडलं तर उशीला अभ्रा शिवा," असं म्हणते, हे बघून काही जुन्या गिऱ्हाइकांना धक्का बसला. आणि पुराच्या विम्याचं नूतनीकरण करायला मी गेलो तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "एवढा एक ठेवते, बाकीचे राहू द्या. होऊन होऊन काय होईल?"

असं वाक्य विमा एजंटाच्या तोंडावर कुणी बोलू नये.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. पाटी तशीच होती, आणि वणीला जाणं नव्हतं. सुनंदाने एकदा विषय काढला तर ताई 'बघू' म्हणाल्या आणि ताका गुंडाळायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितलं. मी रोज एक कारण शोधत होतो, म्हणून सुनंदाने मला ताईंच्या ताब्यात दिलं. ताई घाटावर जातात, तू त्यांच्याबरोबर जा. त्यामुळे त्यांची बोहनी मला प्रथमच जवळून बघायला मिळाली.

थंडीने नदीवर धुकं होतं. ताईंनी पायरीवर गोणपाट अंथरलं, स्वेटरच्या बाह्या वर केल्या, आणि काढायला बसल्या. त्या काढतात झपाट्याने, ओठ घट्ट मिटून, भांडी घासल्यासारख्या. चित्र बिघडत चाललं की त्यांचा चेहरा खुलत जातो. शेवटी आकाशाचा रंग ओघळून देवळाच्या कळसात शिरला, आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "झाली बोहनी."

मला वाटलं आता निघायचं. मी उठलोही. पण ताईंनी ब्रश धुतला, पदराला हात पुसले, आणि पिशवीतून फोन काढला. एक नंबर लावला. कानाला लावून नदीकडे बघत बसल्या. रिंग वाजत होती, मलाही ऐकू येत होती. मग ती मधेच तुटली. कुणीतरी फोन कापला होता. ताईंनी फोन पिशवीत ठेवला, डब्यातली खारी काढून मला दिली, एक स्वतः घेतली.

दुसऱ्या दिवशी तेच. चित्र, बोहनी, फोन, रिंग, तुटली, खारी. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही.

"ताई, कुणाला लावता?"

"शकूला."

त्यांनी खारीचा डबा उघडून माझ्यापुढे धरला.

"रोज लावते," त्या म्हणाल्या. "चित्रं सुरू केली तेव्हापासून. आधी हिंमतच होत नव्हती हो. नंबर काढायचे आणि फोन परत ठेवून द्यायचे. वाटायचं, तिनं नाही उचलला तर दिवसभर काय तोंडानं दुकानात बसू? मग म्हटलं, आधी एक कागद बिघडवू. एकदा सकाळचं बिघडून झालं की मग दुसरं काही बिघडलं तरी तेवढं लागत नाही. आता लावते. ती कापते. मी खारी खाते."

म्हणजे नदी, मारुती, म्हशीसारखा पूल, ती तारेवर टांगलेली सगळी वाकडी चित्रं, ही त्या एका फोनसाठी होती. आम्ही सगळे समजत होतो ताईंना म्हातारपणी छंद लागला. मी खारी हातात तशीच धरून बसलो.

"पण ती रोज कापते ना? मग कशाला..."

"कापायला तरी फोन हातात घ्यावा लागतो ना, भाऊजी," ताई म्हणाल्या. "माझं नाव बघते. मग कापते. माझा नंबर बंद नाय करून टाकला तिनं. मनात आलं असतं तर केला असता." ताई शहरात राहून शहरासारखं बोलतात, पण बहिणीचा विषय निघाला की त्यांच्या बोलण्यात माहेर येतं.

"एकदा सरळ वणीला जाऊन या. मी येतो बरोबर. गाडी काढतो."

"नको. दारात उभं राहण्याइतकं बिघडवायला अजून जमत नाय मला."

मी आयुष्यभर लोकांना भीतीच विकली. भीतीवर रोज सकाळी कुणी असं काम करताना मी पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी सुनंदाला हे सांगितलं तर ती ओट्यापाशी उभी राहून रडली, आणि वर मलाच म्हणाली की तुला एवढ्या दिवसांत विचारता आलं नाही का. दुसऱ्या दिवसापासून खारीबरोबर तिने थर्मासमधून चहा द्यायला सुरुवात केली. मला चालायला सांगितलं होतं डॉक्टरांनी, पण मी आता बसायला जात होतो. एकही दिवस चुकवला नाही.

थंडी सरली. घाटावर पायऱ्या तापायला लागल्या. ताई एका सकाळी पलीकडच्या काठावरचं वडाचं झाड काढत होत्या. झाड बरं जमत होतं, आणि त्या नाराज होत्या. शेवटी त्यांनी त्यात एक कावळा काढला आणि त्याचा आकार इतका मोठा झाला की झाडाला तो पेलवणार नाही असं दिसायला लागलं.

"झाली बोहनी," ताई म्हणाल्या, आणि फोन लावला.

मी थर्मासचं झाकण उघडत होतो. रिंग वाजली. वाजत राहिली. मग थांबली. मी सवयीने खारीच्या डब्याकडे हात नेला, पण ताईंनी फोन खाली घेतला नाही. त्या ताठ बसल्या होत्या. फोनमधून घंटेचा बारीक आवाज येत होता, कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. फोन उचलला होता.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत अशी धांदल मी कधी बघितली नव्हती. इतके महिने त्या फोन न उचलण्याची तयारी करत होत्या. उचलला तर काय बोलायचं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. मला वाटलं, आता या फोन बंद करतात. त्यांचं बोटही त्या लाल खुणेकडे गेलं होतं.

"शकू," त्या म्हणाल्या. "शकू, मी... पुष्पा."

पलीकडे ती मोटारसायकल निघून गेली.

"माझं चुकलं गं. ब्लाउजचं नाय म्हणत. मी उठून गेले, ते चुकलं. पोरीला अक्षता टाकायला थांबायला पाह्यजे होतं. मला लाज वाटली अन् मी पळाले." हे सगळं त्या एका दमात बोलल्या, नदीकडे बघत, आणि मग बोलायचं काही उरलं नाही तरी फोन तसाच धरून बसल्या.

पलीकडे कुणीतरी विचारत होतं, ओटी केवढ्याला, साडीसकट केवढ्याला. मग एक जड, घोगरा बाईमाणसाचा आवाज आला, इतका मोठा की मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"आक्का, ठेवू नको. दारात गिऱ्हाईक हाय. थांब जरा."

मग फोन तिकडे कशावर तरी ठेवल्याचा आवाज. नारळ एकमेकांवर आपटल्याचा आवाज. शकू कुणाला तरी सांगत होती की हा घ्या, हा पाणीदार आहे.

"थांबलेय गं," पुष्पाताई म्हणाल्या. शकू नारळ निवडत होती, तिला ते ऐकू गेलं नसणार. ताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा म्हणाल्या, "थांबलेय."